वाचकांचे प्रश्न: आपण सुट्टीवर, कुत्र्याचं काय?

दिवाळीच्या सहलीचं बुकिंग झालं की घरात पुढचा प्रश्न निघतो तो कुत्र्याचा. या वेळच्या टपालात तो निरनिराळ्या रूपांत आला आहे. दिवाळी अजून पाच आठवडे लांब आहे आणि यातल्या काही कामांना तेवढा वेळ लागतोच, म्हणून उत्तरं याच अंकात देत आहोत.

आमचा लॅब्रडॉर साडेतीन वर्षांचा, ३२ किलोचा, सगळ्यांशी गोड. सहा दिवस बाहेर जायचं आहे. दोन पर्याय आहेत: शहराबाहेर मैदान असलेलं मोठं केनेल, किंवा स्वतःच्या फ्लॅटमध्ये कुत्रे सांभाळणाऱ्या एक बाई. कुठे ठेवावं? आणि पाहायला गेलो तर नक्की काय पाहायचं?
– वाचक, कोथरूड, पुणे

माणसांत वाढलेल्या लॅबला घरगुती बोर्डिंग सहसा मानवतं. रात्री कुणीतरी जवळ असतं आणि दिवसाचा क्रमही फारसा बदलत नाही. मात्र घरगुती म्हणजे सुरक्षित, असं धरून चालू नका. तिथला धोका दाराचा असतो. बेल वाजली, दार उघडलं आणि कुत्रा जिन्यात, हा प्रकार फ्लॅटमध्ये जास्त घडतो. दाराच्या आत दुसरं फाटक आहे का, ते आधी बघा. लहान मुलांसाठी लावतात तसलं असलं तरी चालेल. केनेलमधले धोके वेगळे: संसर्ग, सतत भुंकण्याचा गोंगाट, आणि रात्री पंचवीस कुत्र्यांमागे एकच माणूस.

पाहायला जायचं ते फोन करूनच, पण वेळ जेवणाची किंवा फिरवण्याची मागा. दुपारी दोन वाजता सगळीच केनेलं शांत आणि स्वच्छ दिसतात. जेवणाच्या वेळी कळतं की कुत्र्यांना वेगवेगळं वाढतात की एकाच अंगणात ताटल्या मांडतात. लॅबच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण तो आपलं संपवून शेजाऱ्याच्या ताटलीकडे जातो आणि भांडण तिथेच पेटतं.

आज किती कुत्रे आहेत, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ‘लक्ष्मीपूजनाच्या रात्री जास्तीत जास्त किती असतील आणि माणसं किती?’ असं विचारा. रात्री आवारात कोण झोपतं, तेही विचारा. ‘मागच्या वेळी कुत्रा आजारी पडला तेव्हा काय केलं?’ या प्रश्नाला नीट उत्तर यायला हवं. ‘आमच्याकडे कधी कुणी आजारी पडतच नाही’ असं म्हणणाऱ्याकडे ठेवू नका. तुमच्याकडे लसीकरणाचं कार्ड मागितलं नाही, तर इतरांकडेही मागितलेलं नसणार. तिथूनच परत फिरा.

फिनेलच्या वासावरून स्वच्छता ठरवू नका. कुत्र्यांमधल्या सर्वांत चिवट पार्व्हो विषाणूवर फिनेलचा उपयोग होत नाही. त्याला ब्लीच लागतं, आणि तेही आधी घाण धुऊन, मग दहा मिनिटं फरशीवर राहू दिलेलं. फरशी कशाने पुसता, हे सरळ विचारा. फरशीचा उतार कुठे जातो तेही पाहा. एका खोलीतलं पाणी शेजारच्या खोलीतून वाहत असेल तर आजारही त्याच वाटेने जातो.

जागा ठरली की तीन आठवडे आधी एक पूर्ण दिवस ठेवून बघा आणि त्यानंतरच्या आठवड्यात एक रात्र. पहिल्या दिवशी कमी खाल्लं तर घाबरू नका, नव्या जागी ते होतंच. रात्रभर येरझारा, दार ओरबाडणं, सतत लाळ गळणं असं काही कळलं, तर मात्र ती जागा त्याच्यासाठी नाही. हे दिवाळीआधी कळलं तर दुसरी सोय करता येते.

खाणं घरूनच द्या. बोर्डिंगमधल्या जुलाबांचं सर्वांत साधं कारण एका दिवसात बदललेलं अन्न हे असतं. दोन्ही वेळचं मोजून वेगवेगळ्या पाकिटांत भरा: सहा दिवसांची १२ पाकिटं आणि गाडी चुकली, विमान रद्द झालं तर वर ४. घरी चिकन-भात खात असेल आणि तिथे शिजवण्याची सोय नसेल, तर कोरड्या खाण्याकडे आत्तापासून वळवा. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवं, पुढचे दोन दिवस निम्मं, मग दोन दिवस पाऊण, आणि सातव्या दिवशी पूर्ण.

बोर्डिंगवाल्यांनी ‘केनेल कफ’ची लस मागितली आहे. आमच्या कुत्र्याची सगळी वार्षिक इंजेक्शनं झालेली आहेत. ही वेगळी असते का? निघायच्या आदल्या दिवशी दिली तर चालेल?
– वाचक, ठाणे

वेगळी असते, आणि आदल्या दिवशी चालत नाही. वार्षिक लसीत डिस्टेंपर, पार्व्हो, हेपॅटायटिस, लेप्टोस्पायरोसिस वगैरे येतात आणि रेबीजची लस स्वतंत्र असते. केनेल कफ म्हणजे कुत्र्यांमधला संसर्गजन्य खोकला. त्याच्या मुख्य जंतूवरची, म्हणजे बोर्डेटेलाची लस बहुधा नाकात थेंब सोडून देतात. तिचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात, म्हणून किमान एक आठवडा आणि शक्यतो दोन आठवडे आधी द्या. नंतर दोन-चार दिवस शिंका आल्या तर काळजीचं कारण नाही. इंजेक्शनच्या स्वरूपातली असेल तर पहिल्या वर्षी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेव्हा आजच विचारा.

लस घेऊनही खोकला होऊ शकतो, कारण तो एकाच जंतूमुळे होत नाही. पण झाला तरी सहसा सौम्य राहतो.

चार रात्रींसाठी जात आहोत. शेजारच्या काकू सकाळ-संध्याकाळ येऊन खायला घालतील, खाली फिरवून आणतील. आमची देशी कुत्री सहा वर्षांची आहे, घरात काही नासधूस करत नाही. एवढं पुरे ना? काकूंना काय काय सांगून ठेवावं?
– वाचक, डोंबिवली

पुरे नाही. मांजराला एक वेळ हे चालून जाईल, कुत्रीला नाही. संध्याकाळी सातला फिरवलेली कुत्री सकाळी सातपर्यंत कोंडून राहणार म्हणजे बारा तास, आणि तेही फटाक्यांच्या रात्री. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सहा ते आठ तासांपलीकडे लघवी धरायला लावू नये. रात्री घरात माणूस झोपायला हवा. काकूंना ते जमत नसेल तर कॉलेजात जाणारा भाचा, पुतणी असं कुणी शोधा आणि काकूंना दुपारची एक फेरी द्या. दोघांत काम वाटलं की कुणा एकावर भार पडत नाही आणि एकजण आजारी पडला तर दुसरा असतो.

येणाऱ्या माणसाने निघण्याआधी किमान तीनदा तुमच्या देखत तिला फिरवलेलं असावं, आणि शेवटच्या वेळी तुम्ही घरातच थांबावं. देशी कुत्री आपल्या माणसांशी जितकी सलगी करते तितकीच मालक नसताना परक्याला दारात अडवू शकते. घरात तुम्ही असताना काकूंशी प्रेमाने वागली, एवढ्यावर विसंबून चालत नाही. एकदा अर्धा तास बाहेर जा आणि काकूंना किल्लीने दार उघडून आत येऊ द्या. खरी परीक्षा तीच.

सांगायचं ते तोंडी सांगू नका, लिहून फ्रिजच्या दारावर लावा. त्या कागदावर ‘दोन वेळा थोडं खायला घाला’ असं लिहिलं तर काकू मायेने चार पोळ्या घालतील. माप लिहा: कोणती वाटी, किती वाट्या, किती वाजता. तिचं वजन लिहा, कारण डॉक्टर फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतात. रोजच्या गोळीचं नाव, मात्रा, ती कशात घालून दिली तर खाते. कशाला घाबरते. कोणत्या कुत्र्याशी भांडण आहे आणि तो किती वाजता खाली येतो. डॉक्टरांचा नंबर, रात्री उघड्या दवाखान्याचा नंबर, आणि दिवाळीत ते कोणत्या दिवशी बंद असतील हेही. हे शेवटचं जवळपास सगळे विसरतात. याशिवाय खर्चाचा आकडा लिहा: ‘इतक्या रुपयांपर्यंत आम्हाला न विचारता उपचार करा’. अशी लेखी परवानगी नसेल तर काकू तुमचा फोन लागेपर्यंत थांबून राहतील. थोडे पैसे पाकिटात घालून ठेवा.

‘हे देऊ नका’ हा मजकूर मोठ्या अक्षरांत हवा, कारण दिवाळीत घरोघरी फराळ फिरतो. लाडवातला बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो आणि कुणाला किती बेदाण्यांनी होईल, ते आधी सांगता येत नाही. चिवड्यातला तळलेला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेटचे डबे वर ठेवा. शिजवलेली हाडं बंद. माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी तर अजिबात नको. आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडंही जातात.

आणखी दोन बारीक गोष्टी. सोसायटीच्या गेटवर ॲप असेल तर भाच्याच्या प्रवेशाची परवानगी तुमच्या फोनवर मागितली जाईल आणि तेव्हा तुम्ही विमानात असाल. त्याची नोंद आधीच करून ठेवा. दुसरी गोष्ट चाव्याची. तुमची कुत्री कितीही शहाणी असो, काकूंना दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, हे कागदावर असू द्या. रेबीजच्या लसीचं कार्डही त्याच फाइलमध्ये हवं.

आमचा दहा वर्षांचा पॉमेरेनियन मधुमेही आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन. मुलीच्या घरी आठ दिवस जायचं आहे. बोर्डिंगवाले ‘इंजेक्शन देऊ’ म्हणतात. विश्वास ठेवावा का?
– वाचक, नागपूर

‘देऊ’ म्हणण्यावर नाही; देताना बघून ठेवावा. जो माणूस सुई देणार आहे त्यानेच तुमच्यासमोर तीन-चार वेळा ती भरून, टोचून दाखवायला हवी. मालकाला येतं आणि सुट्टीच्या दिवशी कामावर असतो तो मुलगा, असं होता कामा नये.

सर्वांत घातक चूक सिरिंजची असते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं, आणि १०० युनिटच्या बाटल्याही मिळतात. सिरिंजही त्या-त्या ताकदीप्रमाणे वेगळी: ४० वाली सहसा लाल टोपीची, १०० वाली केशरी. टोपीच्या रंगावर न जाता सिरिंजवर छापलेलं वाचा. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये ‘४’ च्या रेघेपर्यंत भरलं तर कुत्र्याला चार नव्हे, दहा युनिट जातात. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जिवाला एवढी चूक जीवघेणी आहे. उलट झालं तर डोस निम्म्याहून कमी जातो आणि साखर चढत राहते. म्हणून आठ दिवसांच्या सिरिंजा तुम्हीच द्या, १६ अधिक चार जास्तीच्या. त्यांना दुकानातून आणू देऊ नका.

वेळ बारा-बारा तासांची. आधी खाणं, ते खाल्लंय हे डोळ्यांनी पाहायचं, मग सुई. नव्या जागी कुत्रं खात नाही आणि इथेच गडबड होते: पोट रिकामं आणि डोस पूर्ण. अर्धंच खाल्लं तर किती द्यायचं, अजिबात नाही खाल्लं तर काय करायचं, उलटी झाली तर काय, हे तुमच्या डॉक्टरांकडून आकड्यांत लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच रबराने बांधा. सुई टोचताना कुत्रं हललं आणि औषध आत गेलं की केसांवर सांडलं ते कळलं नाही, तर पुन्हा टोचायचं नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एक डोस चुकला तर सहसा निभावतं, दुप्पट झाला तर नाही.

साखर घसरल्याची लक्षणं: चालताना झोकांड्या, थरथर, हाकेला प्रतिसाद नाही, शेवटी झटके. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्या. गिळता येत नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरची पाण्यातली दाट पेस्ट बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि त्याच क्षणी दवाखान्याकडे निघा. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. दिवाळीत ते कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत चालू आहे, ते निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा.

बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून ठेवलेलं इन्सुलिन गोठतं आणि गोठलेलं वितळवून वापरता येत नाही. धुरकट इन्सुलिन असेल तर डोस भरण्याआधी बाटली तळहातांत हलकेच फिरवायची, खळाखळा हलवायची नाही.

पॉमेरेनियन इतका लहान की एक वेगळा विचारही करा: त्याला मुलीकडे घेऊन जाता येईल का? दहा वर्षांच्या मधुमेही कुत्र्यासाठी तुमच्या हातची सुई ही सर्वांत चांगली सोय.

फटाक्यांचा आवाज झाला की आमची कुत्री पलंगाखाली शिरते, थरथर कापते. यंदा आम्ही काश्मीरला आणि ती पेट सिटरकडे. तिला गुंगीचं औषध देऊन ठेवावं का?
– वाचक, चेंबूर, मुंबई

गुंगीचं नको, भीतीचं हवं. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅसप्रोमाझिनने कुत्रं निपचित पडतं, पण त्याला ऐकू येत राहतं आणि भीती जशीच्या तशी असते. हालचाल करता येत नाही, एवढंच. भीती कमी करणारी वेगळी औषधं आहेत. ती वजन, वय, यकृत पाहून डॉक्टरच ठरवतात. कोणतंही औषध पहिल्यांदा द्यायचं ते एखाद्या शांत दिवशी, तुमच्या घरी. काही कुत्री त्यानेच उलट बेचैन होतात आणि ते तुमच्या नजरेसमोर कळलेलं बरं. औषध बहुधा आवाज सुरू होण्याआधी तास-दीड तास द्यावं लागतं. भीतीने थरथरायला लागल्यावर दिलं की फारसा उपयोग होत नाही.

दिवाळीत हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरतात ते उगाच नाही. घाबरलेलं कुत्रं पट्ट्यातून मागे सरकत डोकं काढून घेतं. गळपट्टा दोन बोटं जातील इतकाच सैल हवा, आणि त्या चार दिवसांत हार्नेस व गळपट्टा दोन्ही घालून साखळी दोघांना जोडावी. संध्याकाळची फेरी साडेपाचच्या आत संपवायची आणि रात्रीची लघवी टेरेसवर किंवा बंद आवारातच. नव्या जागेहून पळालेलं कुत्रं परतीची वाट ओळखत नाही, म्हणून पेट सिटरकडे ही काळजी दुप्पट.

गळ्यातल्या बिल्ल्यावर सिटरचा नंबरही कोरून घ्या. काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही. फक्त तुमचाच नंबर असेल आणि तो लागतच नसेल तर कुत्री सापडूनही परत येणार नाही. मायक्रोचिप बसवलेली असेल तर उत्तमच, पण ती वाचायला यंत्र लागतं. बिल्ला मात्र पानवाल्यालाही वाचता येतो.

गोल्डन रिट्रीव्हर, दोन वर्षांची, स्पे (नसबंदी) केलेली नाही. मागच्या वेळी मेच्या सुरुवातीला हीटवर (माजावर) आली होती. दिवाळीत बोर्डिंगला ठेवू का?
– वाचक, नाशिक

कॅलेंडर बघा. साधारण सहा महिन्यांचं चक्र धरलं तर ती नेमकी दिवाळीच्या आसपास येणार. बहुतेक बोर्डिंग हीटमधली कुत्री घेत नाहीत आणि जे घेतात त्यांनी घेऊ नये. एका मादीमुळे सगळे नर खाणं सोडतात, भांडतात, आणि फाटक, भिंत काहीही ओलांडतात. हीट दोन-तीन आठवडे चालते आणि रक्तस्राव कमी झाल्यावरचा काळ गर्भधारणेचा असतो, म्हणून ‘आता थांबलंय’ म्हणून सोडून चालत नाही. डायपरने समागम थांबत नाही.

पिल्लं नकोच असतील तर या आठवड्यात डॉक्टरांशी बोला. स्पेनंतर टाके निघायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणजे अजून वेळ आहे. हीट सुरू झाली तर शस्त्रक्रिया बहुधा पुढे ढकलतात, तेव्हा आधीच. तसं न झाल्यास घरीच एका माणसाच्या ताब्यात ठेवा. आणि हीट संपल्यानंतर चार ते आठ आठवड्यांत ती फार पाणी प्यायला लागली, मलूल झाली किंवा स्राव दिसला, तर थांबू नका. गर्भाशयात पू होण्याचा तो काळ असतो.

पिल्लू अकरा आठवड्यांचं आहे, दोन इंजेक्शनं झाली. चार दिवस केनेलमध्ये?
– वाचक, सोलापूर

नको. लसींची मालिका साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालते. तोवर पार्व्होपासून पूर्ण संरक्षण मिळालेलं नसतं, आणि हा विषाणू जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतो. शिवाय या वयात दर तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, ते केनेलमध्ये कुणी करणार नाही. घरातलं एक माणूस मागे राहू द्या, नाहीतर सहल जानेवारीत करा.

आम्ही चिंचवडला राहतो. बीगल आहे. दिरांचा मळा जुन्नरजवळ आहे, तिथे ‘मोकळा राहील, मजा करील’ असं सगळे म्हणतात. आठ दिवस सोडावा का?
– वाचक, चिंचवड

मजा करील हे खरं, पण फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला मळा माहीत नसतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा उसाचा पट्टा बिबट्यांचाही आहे आणि कुत्रं हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य. अंगणात साखळीने बांधलेलं कुत्रं तर पळूही शकत नाही. अंधार पडायच्या आत त्याला चार भिंतींच्या, दार लागणाऱ्या खोलीत घ्यायचं. पडवी नाही, जाळीचा गोठाही नाही. रात्री लघवीला नेताना दोन माणसं आणि बॅटरी. दिरांना हे पटत नसेल तर सोडू नका. आपल्या राखणीच्या कुत्र्याला गावाकडे असं कुणी वागवत नाही, त्यामुळे त्यांना ते लाडावणं वाटणं स्वाभाविक आहे.

बीगल नाकाने चालतो. वास लागला की हाक कानात शिरत नाही, म्हणून उघड्या शेतात दहा-पंधरा मीटरची लांब दोरी लावूनच. कठडा नसलेली विहीर, शेततळ्याचा निसरडा प्लास्टिकचा काठ, ही दोन ठिकाणं आधी जाऊन बघा. शेततळ्यात पडलेल्या कुत्र्याला पोहता येऊनही वर चढता येत नाही.

धान्याच्या खोलीत उंदरांचं औषध कुठे ठेवलंय, तेही विचारा. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने लगेच काहीच दिसत नाही. तीन ते पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शीमधून रक्त येतं आणि तोवर आठ दिवस संपून तुम्ही त्याला घरी आणलेलंही असू शकतं. खाल्ल्याचा संशय असला तरी त्याच दिवशी पुडी घेऊन डॉक्टरकडे जायचं. व्हिटॅमिन ‘के-वन’ हा उपाय आहे, पण तो आठवडे चालवावा लागतो.

पावसानंतरच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. ती लस आधी कधी दिलेली नसेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे पहिला याच आठवड्यात. साप चावला तर घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही. त्याला चालवत न नेता उचलून न्यायचं, आणि ज्या दवाखान्यात प्रतिविष आहे तिथेच. तो दवाखाना कोणता, हे दिरांनी आधी विचारून ठेवावं.

मुंबईहून मडगावला रेल्वेने जाताना कुत्र्याला बरोबर नेता येतं का?
– वाचक, वसई

येतं, पण फर्स्ट एसीतच, आणि तेही पूर्ण कूपे (दोन बर्थ) किंवा पूर्ण केबिन (चार बर्थ) तुमच्या नावावर असेल तरच. टू-टिअर, थ्री-टिअर, स्लीपरमध्ये कुत्रा नेता येत नाही. वंदे भारत, जनशताब्दीसारख्या बसून जायच्या गाड्यांत कूपेच नसतो. तिकीट काढताना कूपे नक्की होत नाही. तो चार्ट बनताना ठरतो. त्यामुळे सगळी तिकिटं एकाच पीएनआरवर काढून, पाळीव कुत्रा बरोबर असल्याचा विनंतीअर्ज रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात आधीच द्यावा लागतो. तरीही कूपे मिळेलच याची खात्री नाही, म्हणून घरी सोय करणारा माणूस शेवटच्या दिवसापर्यंत तयार ठेवा. कुत्र्याचं तिकीट स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात निघतं: तीन तास आधी पोहोचा, बरोबर लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचं एक-दोन दिवसांतलं प्रमाणपत्र.

दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या पेटीचा. तो स्वस्त आहे, पण तिथे आवाज, उकाडा आणि एकटेपणा आहे. पग, शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तिथे घालूच नका. धापा टाकून अंग थंड करायची त्यांची ताकद मुळात कमी असते.

मागच्या सुट्टीत बोर्डिंगहून आणल्यावर आमचा कुत्रा दोन दिवस नुसता झोपला, पोट बिघडलं, आमच्याकडे बघतही नव्हता. रुसला होता का? यंदा काय काळजी घ्यावी?
– वाचक, कोल्हापूर

रुसव्यापेक्षा थकवा जास्त. चार-सहा कुत्र्यांच्या गलक्यात झोप तुटते, ती घरी येऊन भरून काढतात. एक-दोन दिवस झोप आणि थोडी सैल शी चालून जाते. घरी आल्या-आल्या घटाघटा पाणी पिऊन उलटी होते, म्हणून पाणी थोडं-थोडं द्या आणि पहिलं जेवण निम्मं. शीमध्ये रक्त, वारंवार उलट्या किंवा चोवीस तास खाणं बंद असेल तर वाट पाहू नका.

त्याच संध्याकाळी सगळं अंग चाचपा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पुढच्या पायांच्या काखेत, शेपटीच्या मुळाशी, पट्ट्याखाली. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतणं, काडीने चटका देणं, बोटांनी चिरडणं, हे तिन्ही प्रकार टाळा. पावसाळ्यानंतर गोचीड भरपूर असतात, म्हणून यंदा जायच्या आधीच गोचीडविरोधी गोळी किंवा मानेवरचं औषध द्या. काही गोळ्या महिनाभर टिकतात, फ्लुरालॅनरची सुमारे बारा आठवडे. मात्र कुत्र्याला फिट येत असतील तर डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय यातली कोणतीही गोळी देऊ नका.

आल्यानंतरचे तीन आठवडे लक्ष ठेवा. कोरडा, घशात काही अडकल्यासारखा खोकला पहिल्या दोन आठवड्यांत उमटतो. तोवर सोसायटीतल्या कुत्र्यांत मिसळू देऊ नका. ताप, न खाणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसलं तर गोचीडताप असू शकतो. डॉक्टरांना ‘बोर्डिंगला होता’ हे तारखेसकट सांगा आणि प्लेटलेट्ससह रक्ततपासणी करून घ्या. सुरुवातीला काचपट्टीवर तपासलेल्या रक्तात जंतू दिसला नाही तरी आजार नाहीच, असं होत नाही. लक्षणं कायम राहिली तर तपासणी पुन्हा करावी लागते.